न बदललेली गाडी : प्रीमियरची फियाट, पद्मिनी आणि त्यांचे मालक

इटलीतील फियाट कंपनीने १९५३ मध्ये ‘११००’ मालिकेतील एक छोटी चार दरवाजांची गाडी बाजारात आणली आणि १९६९ मध्ये, तिच्या जागी पुढच्या पिढीची ‘१२८’ तयार झाल्यावर, तिचे उत्पादन थांबवले. युरोपातील मोटारीच्या दृष्टीने हे सोळा वर्षांचे आयुष्यही लांबच म्हणायचे. त्याच गाडीचे भारतीय भावंड मात्र मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यातून विसावे शतक संपेपर्यंत बाहेर पडत राहिले. आधी ते ‘फियाट’ होते, मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नाव बदलले, जाळी बदलली, दिवे बदलले. पण बॉनेट उघडल्यावर दिसणारे १०८९ सीसीचे इंजिन जवळपास तेच राहिले. एखादा कारखाना तीच गाडी चार दशकांहून अधिक काळ का बनवत राहतो आणि लोक ती का घेत राहतात, या प्रश्नाचे उत्तर इंजिनात जितके आहे तितकेच सरकारी कायद्यांत आहे. त्या गाडीविषयी मालक जे चांगले बोलतात आणि जे वाईट बोलतात, त्या दोन्हींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते.

सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद हे या कथेतील पहिले नाव. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे बांधणारे, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनच्या उभारणीत पुढाकार घेणारे, बंगळूरला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढणारे हे उद्योजक. जमिनीवर, पाण्यात आणि आकाशात चालणारे प्रत्येक वाहन या देशात बनले पाहिजे, असा त्यांचा हट्टच होता म्हणा ना. मोटारीच्या कारखान्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाच्या दशकात लावून धरली होती आणि मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला साहाय्य करण्याची तयारीही दाखवली होती. परंतु दिल्लीतील ब्रिटिश सरकारला त्यात रस नव्हता. वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, महायुद्धामुळे काम रखडले, आणि अखेर १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड’ स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, बाहेर पडली. ती डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या अमेरिकी नावांची होती.

येथे एक भेद समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. गाडी ‘जोडणे’ आणि गाडी ‘बनवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून आणायचे आणि येथे नटबोल्ट आवळून रंग द्यायचा, ही झाली जोडणी. जनरल मोटर्सचा मुंबईतील कारखाना १९२८ पासून हेच करत होता. फोर्डही तेच करत होती. स्वतंत्र भारताच्या सरकारला हे मान्य नव्हते, कारण त्यात परकीय चलन बाहेर जात होते आणि येथील कामगाराला ओतकाम, यंत्रकाम, पत्रा दाबण्याचे काम यांतले काहीच शिकायला मिळत नव्हते. म्हणून १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की, ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने सगळे भाग येथेच बनवण्याची योजना असेल त्यांनीच राहावे, इतरांनी काम बंद करावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मैदानात मोटारी बनवणारे प्रमुख तीनच उरले : कोलकात्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

प्रीमियरने छोट्या गाडीसाठी फियाटशी संधान बांधले होते. आधी ‘फियाट ५००’ची जोडणी झाली आणि १९५४ पासून ‘११००’ येऊ लागली. गोल नाक, फुगीर गाल, आणि पुढचे दरवाजे आजच्या दरवाजांच्या उलट्या दिशेने उघडणारे. महाराष्ट्रात तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवले ते सांगता येत नाही, पण ज्याने तिला समोरून पाहिले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. विशेष म्हणजे या नावात हेटाळणी नाही. आपल्या आजोबांकडे ‘डुक्कर फियाट’ होती हे लोक अभिमानानेच सांगतात. पुढे ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी नावे घेत ती बदलत गेली आणि १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. कोपरेदार, चौकोनी देह, मागे बारीक शेपट्यांसारखे उंचावलेले पंख आणि सरळ उघडणारे दरवाजे असलेली ही गाडी म्हणजेच पुढची पद्मिनी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा जो आकार आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो १९६४ चा आहे.

यंत्र म्हणून ही गाडी तिच्या काळात अजिबात मागासलेली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. जुन्या मोटारींमध्ये खाली लोखंडी चौकट, म्हणजे चेसिस, आणि तिच्यावर ठेवलेली पत्र्याची पेटी असे दोन भाग असत. फियाट ११०० मध्ये ही चौकटच नव्हती. वळवून, दुमडून, वेल्डिंग करून जोडलेला पत्र्याचा सांगाडा हाच सगळे वजन पेलत होता. त्यामुळे गाडी हलकी झाली, साधारण नऊशे किलोंची, आणि चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला ती ओढणे जमू लागले. पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला चार गिअरांचा लिव्हर. पन्नासच्या दशकात हे सगळे आधुनिक होते. त्यानंतरही ते तसेच का राहिले, हे समजून घ्यायचे तर कारखान्यातील ‘डाय’ म्हणजे काय ते पाहावे लागते.

मोटारीचा दरवाजा, छप्पर किंवा बॉनेट हे सपाट पत्र्यापासून प्रचंड दाबाखाली एका फटक्यात आकार घेतात आणि तो आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय. एका गाडीच्या सांगाड्यासाठी असे कितीतरी साचे लागतात. ते अतिशय महाग असतात. पण एकदा तयार झाले की त्यांच्यावर लाखो पत्रे दाबून निघू शकतात. म्हणून वर्षाला काही लाख गाड्या विकणारी कंपनी दर पाचसात वर्षांनी नवे साचे करू शकते, कारण तो खर्च लाखो ग्राहकांत विभागला जातो. सत्तरच्या दशकात संपूर्ण भारतात, सगळ्या कंपन्यांच्या मिळून, वर्षाला तीसचाळीस हजारांच्या आसपासच मोटारी बनत होत्या. त्यांतला एक हिस्सा प्रीमियरचा. एवढ्या थोड्या गाड्यांवर नव्या साच्यांचा खर्च टाकला असता तर गाडीची किंमत आवाक्याबाहेर गेली असती, आणि जुने साचे तर अजून झिजलेही नव्हते.

मग जास्त गाड्या बनवायच्या होत्या, असे कोणी म्हणेल. ते कंपनीच्या हातात नव्हते. किती गाड्या बनवायच्या याला परवाना लागत होता, तो वाढवून घ्यायला पुन्हा परवानगी लागत होती, यंत्रे बाहेरून आणायला परकीय चलनाचा परवाना लागत होता, आणि मोटार ही चैनीची वस्तू असल्याने तिच्यासाठी चलन खर्चणे सरकारच्या यादीत फार खाली होते. सिंचन, धान्य, पोलाद, वीज हे आधी, गाडी नंतर. त्या काळच्या तिजोरीकडे पाहिले तर हा क्रम अगदीच अविचारी होता असे मला म्हणवत नाही. त्यावर कडी म्हणजे १९५९ च्या आदेशाने गाड्यांच्या वाटपावर आणि १९६९ मध्ये थेट किमतीवरही सरकारी नियंत्रण आले. कारखान्याने गाडी किती रुपयांना विकायची हे दिल्लीत ठरू लागले. प्रीमियरने या किमतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि उत्पादनखर्च व गुंतवणुकीवरील वाजवी परतावा यांचा हिशेब कसा मांडायचा यावर १९७१ मध्ये निकाल लागला. सत्तरच्या दशकाच्या मध्यास किंमत-नियंत्रण उठले. तोवर नव्या गाडीसाठी पैसा बाजूला ठेवण्याची सवय आणि शक्यता दोन्ही मोडून गेल्या होत्या.

या व्यवस्थेचा ग्राहकाला दिसणारा चेहरा म्हणजे प्रतीक्षायादी. गाडीसाठी पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. मुलाच्या मुंजीच्या वेळी नोंदवलेली गाडी त्याच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी दाराशी यावी, यात कोणाला आश्चर्य वाटत नसे. ज्याचा नंबर लागला त्याला गाडीचा रंग निवडण्याचाही फारसा हक्क नव्हता. जो रंग आला तो आपला. याचा विचित्र परिणाम असा की, दोन वर्षे वापरलेली फियाट कधीकधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. अधिकृत किमतीच्या वर जी रक्कम हातोहात द्यावी लागे तिला ‘ऑन’ म्हणत. आज गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत घसरते हे आपण गृहीत धरतो. त्या काळात ती बाहेर पडताच वाढत होती. साहजिकच मालक गाडीला जपत होता, कारण ती वाहन असण्याबरोबरच ठेवही होती.

त्या काळी गाडी घेणे मध्यमवर्गीयाला किती जड होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका पंतप्रधानांचे आहे. लालबहादूर शास्त्री यांनी कुटुंबीयांच्या आग्रहावरून १९६४ च्या मॉडेलची फियाट घेतली, तिची किंमत १२ हजार रुपये होती आणि त्यांच्याकडे होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ते त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मलईच्या रंगाची गाडी दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आजही उभी आहे.

फियाटबरोबरचा करार सत्तरच्या दशकाच्या आरंभी संपला. आता गाडीवर इटालियन नाव लावता येणार नव्हते. काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून, चितोडच्या राणीच्या नावावरून, ‘प्रीमियर पद्मिनी’. कागदोपत्री बदल झाला खरा, पण मुंबईने तो फारसा मनावर घेतला नाही. मालक, मेकॅनिक आणि टॅक्सीवाले तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

आता मालकांच्या मताकडे वळू. जुन्या मालकांना या गाडीविषयी विचारले की पहिले वाक्य हमखास येते : “पत्रा बघा, पत्रा!” आणि मागोमाग बॉनेटवर बोटाची टकटक. त्यांना जाड पत्र्याचे कौतुक आहे, आणि आजच्या गाडीचा बंपर स्कूटरच्या धक्क्याने तडकतो तेव्हा ते कौतुक समजण्यासारखेही आहे. येथे थोडी दुरुस्ती केली पाहिजे. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग टक्कर झाल्यावर मुद्दाम चुरगळावा असा आखलेला असतो, म्हणजे धक्क्याची ताकद पत्रा चुरगळण्यात खर्च होते आणि आत बसलेल्या माणसापर्यंत कमी पोहोचते. जुनी गाडी स्वतः कमी चेपते. धक्का मात्र छातीला आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जातो. मालक सांगतात ते गाडीच्या टिकाऊपणाविषयी खरे आहे, माणसाच्या सुरक्षिततेविषयी नाही.

दुसरे कौतुक अधिक निर्विवाद आहे, आणि ते म्हणजे गाडीचा साधेपणा. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा, आणि बहुतेक कामांना मोजके पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा पुरेसा. रविवारी सकाळी मालकाने स्वतः प्लग काढून घासावेत, पॉइंट साफ करावेत, रेडिएटरमध्ये पाणी भरावे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी, हा कितीतरी घरांतला नेम होता. चार दशके गाडी न बदलल्यामुळे तिचे ज्ञानही जुने झाले नाही. १९६६ मध्ये शिकलेल्या मेकॅनिकला १९९६ ची गाडी नव्याने शिकावी लागली नाही, आणि कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उघडणारा माणूस भेटत होता. आज ज्याला आपण ‘सर्व्हिस नेटवर्क’ म्हणतो ते तेव्हा कंपनीने उभारलेले नव्हते. ते झाडाखालच्या गॅरेजांनी आपोआप उभे केले होते.

तक्रारींची यादीही याच साधेपणाच्या पाठीला चिकटलेली आहे. त्यांतली एक जवळून पाहू, कारण ती अनेकांनी अनुभवली आहे आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र थोड्यांनाच ठाऊक असते. मे महिन्यातली दुपार, घाटाची चढण, समोर ट्रकांची रांग. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चालली आहे, आणि एका वळणावर दोनतीन गचके देऊन ती बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, पिण्याच्या बाटलीतील पाण्याने एक फडके भिजवतो आणि ते इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या एका वाटीएवढ्या भागावर गुंडाळतो. मग दहापंधरा मिनिटे सगळे कठड्यावर बसतात. फडके सुकले की पंपाची छोटी कळ बोटाने चारसहा वेळा दाबायची, चोक थोडा ओढायचा, आणि गाडी काही झालेच नाही अशी चालू.

तो वाटीएवढा भाग म्हणजे पेट्रोलचा यांत्रिक पंप. मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणे हे त्याचे काम. तो इंजिनालाच चिकटलेला असल्यामुळे इंजिनाची उष्णता थेट त्याच्यात शिरते. हळू चालताना वारा मिळत नाही, पंप आणि नळी तापतात, आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफ त्याच्या दाबाने नुसती आकसते आणि पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. पेट्रोल टाकीत भरपूर, पण कार्ब्युरेटर कोरडा. ओल्या फडक्यातील पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जाते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि पुरवठा सुरू होतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि नळीत पेट्रोल मोठ्या दाबाखाली असते, म्हणून हा प्रकार होत नाही. तो बदल फियाटमध्येही शक्य होता. पण गाडी विकली जात होती, फडकी घरोघरी होती, आणि बदल करण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरविषयी मालकांत सरळ दोन तट पडतात. बाजूने बोलणारे म्हणतात की त्यामुळे पुढे सलग गादी बसवता आली, मधे लिव्हर नाही, तीन माणसे आणि एखादे मूल पुढे आरामात मावते. विरोधक त्या लिव्हरच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवतात. लिव्हर वर हातात आणि गिअरबॉक्स खाली पायांशी, म्हणजे मधले अंतर सळ्या आणि बिजागऱ्यांनी जोडावे लागते. प्रत्येक सांध्यात एक छोटा बुश, म्हणजे घर्षण सोसणारी नळीसारखी कडी, असते. हे बुश झिजले की सगळ्या सांध्यांचा थोडाथोडा ढिलेपणा एकत्र होतो आणि गिअर दोन खणांच्या मधे अडकून बसतो. सिग्नलला मागचे हॉर्न वाजत असताना बॉनेट उघडून ती सळी हाताने सोडवणारा फियाटवाला हे शहरातले परिचित दृश्य होते. उत्पादनाच्या अखेरच्या काळात ‘एस १’ या प्रकारात गिअर जमिनीवर आला, तेव्हा कट्टर मालकांनी नाके मुरडली, हेही नमूद केले पाहिजे.

पावसाळ्यात प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरून गाडी सुरू न होणे, उतारावर ड्रम ब्रेक तापून पायाखाली पोकळ लागणे, उन्हाळ्यात तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकणे या बाकीच्या तक्रारी त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना लागू आहेत. गंजाची गोष्ट मात्र वेगळी. चौकटीच्या गाडीत पत्रा सडला तर पत्रा बदलतात. येथे पत्रा हाच सांगाडा असल्याने जमीन आणि दरवाजाखालचे खोके सडले की गाडीची कंबरच खचते. समुद्राकाठच्या हवेत हे लवकर होते. म्हणून जुनी फियाट पाहायला गेलेला जाणता गिऱ्हाईक रंगाकडे किंवा इंजिनाच्या आवाजाकडे पाहत नाही. तो पायातले रबरी मॅट उचलून खाली बोट रोवून बघतो. ऐंशीच्या दशकातील गाड्यांपेक्षा साठच्या दशकातील गाड्यांचे काम अधिक नेटके होते, असेही अनेक मालक सांगतात. साचे झिजत गेले की पत्र्यांच्या फटी वाढतात आणि वाढत्या फटींतून पाणी आत येते, हे लक्षात घेतले तर त्यांच्या बोलण्यात केवळ जुन्याचे प्रेम नसावे.

टॅक्सीचालकांचा हिशेब खाजगी मालकांपेक्षा निराळा होता. त्यांना पत्र्याचे प्रेम नव्हते, पोटाचा प्रश्न होता. गाडी आखूड, त्यामुळे गल्लीबोळांत वळणारी. सुटे भाग स्वस्त आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारे. दुरुस्ती रात्रीतून होणारी, म्हणजे सकाळचा धंदा बुडत नाही. कोलकात्याने अँबेसेडर उचलली आणि मुंबईने फियाट, यामागे कारखाना शहरातच असण्याचा भाग होताच, पण आकाराचाही होता. डाव्या बाजूला बाहेर बसवलेले मीटर, छतावरचे कॅरिअर, समोर काचेवर झुलणारी झेंडूची माळ आणि तिकोनी छोटी काच वळवून आत घेतलेला वारा ही तिची ओळख झाली. शहरातील हवेच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या. टाकीने डिकी व्यापली आणि प्रवाशांच्या बॅगा कायमच्या छतावर गेल्या. साध्या इंजिनाने तो गॅसही मुकाट्याने पचवला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना प्रथमच तुलना करायला काही मिळाले. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, पण गाडी इतकी हलकी की तिची चपळाई फियाटवाल्याला जाणवावी. पुढच्या चाकांनाच गती दिल्याने मधला लांब दांडा आणि त्याचा उंचवटा गायब. थंडीत एका चावीत सुरू होणारी. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ काढून उत्तर दिले. तिचा देह फियाट १२४ चा आणि इंजिन निस्सानचे, नावातला ‘एनई’ त्यावरूनच आलेला. तिच्यात बसल्यावर पद्मिनीपेक्षा बरीच सुबक वाटणारी ही गाडी वाईट नव्हती. पण फियाट १२४ हीसुद्धा १९६६ ची होती. म्हणजे जुन्या गाडीला पर्याय म्हणून जरा कमी जुनी गाडी. १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना रद्द झाला, कंपनीने कल्याणजवळ फ्रान्सच्या प्यूजोबरोबर ‘३०९’ काढली, मग पुन्हा फियाटशी हात मिळवून कुर्ल्यात ‘उनो’. दोन्ही प्रयत्नांना कामगारांचे वाद आणि पुरवठ्यातील विलंब भोवले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. २००९ नंतर चिंचवडला ‘रिओ’ नावाची छोटी एसयूव्ही कंपनीने काढली, तिची दखल फारशी कोणी घेतली नाही.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईत भाड्याने धावणे बंद झाले. खाजगी मालकांकडे मात्र अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढे आता वेगळाच पेच आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. ‘डुक्कर फियाट’ त्यात सहज बसतात आणि पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशीला पोहोचल्या आहेत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या गाडीत कोणाचा तरी डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, पेट्रोलचे इंजिन निघून डिझेलचे बसले आणि पुन्हा पेट्रोलचे आले, जमिनीचा पत्रा तीनदा बदलला आणि गिअरचे बुश गल्लीतल्या लेथवर कातून घेतले, तिचे मूळ रूप नेमके कोणते, हे ठरवण्यासाठी मालक सध्या जुन्या आरसी बुकातील इंजिन नंबर भिंगाखाली धरून वाचत बसले आहेत.